साडेबारा इंचांचा भाता

अमळनेरच्या चौकात भाभींच्या पहिल्या पुण्यस्मरणाचा फ्लेक्स लागला, तो दुकानाच्या माडीपर्यंत उंच होता. वरच्या ओळीत पुढाऱ्यांचे चेहरे, खाली शोकाकुल परिवाराची नावं, आणि उरलेल्या जागेत भाभी. त्या पुढाऱ्यांपैकी एकानेही भाभींना पाहिलेलं नव्हतं. त्यात त्यांचा दोष नाही. भाभींना पाहिलेली माणसं अमळनेरात मुळातच थोडी होती.

फ्लेक्सवरची बाई विशीतली, हसरी आणि गोरीपान होती. दात एका मापाचे, डोळ्यांत चकाकते ठिपके. आता ती एखाद्या साबणाची शिफारस करील असं वाटत होतं. मुलांनी घरातल्या एका जुन्या फोटोचा मोबाईलवर फोटो काढला होता, फ्लेक्सवाल्याने तो कॉम्प्युटरला दिला होता, आणि जे दिसत नव्हतं ते कॉम्प्युटरने आपल्या मनाने भरलं होतं. भाभींचे यजमान, ज्यांना मी भाऊ म्हणतो, पहिल्या रांगेत बसून भाषणं संपेपर्यंत त्या चेहऱ्याकडे पाहत होते. मी शेजारच्या खुर्चीत होतो. एका वक्त्याने भाभींना त्यागमूर्ती म्हटलं, तेव्हा भाऊ माझ्याकडे झुकले.

"मास्तर, हाई बाई कोन शे?"

मी कसंबसं हसू आवरलं. ते मात्र हसत नव्हते.

कॉलेजात असताना मी अमळनेरला त्यांच्या दुकानावरच्या खोलीत भाड्याने राहत असे. राजस्थानातून आलेलं व्यापारी घर. पुढे धान्याचं दुकान, मागे तेलाची लहानशी गिरणी. भाऊ माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठे, लग्न होऊन फार दिवस झालेले नव्हते. घरात मारवाडी, गिऱ्हाइकाशी अहिराणी आणि सरकारी माणसाशी पुस्तकी मराठी, असा त्यांचा हिशोब होता. मी खेड्यातून आलेलो म्हणून माझ्या वाट्याला गमतीची अहिराणी आली. मी पुढे खरोखर मास्तर झालो, धुळ्याच्या कॉलेजात आयुष्यभर पदार्थविज्ञान शिकवलं. पण ते मला मास्तर म्हणत ते त्याच्या कितीतरी आधीपासून.

त्या घरात राहिलो तेवढी वर्षं भाभींना मी रोज पाहिलं आणि एकदाही पाहिलं नाही. दुकानात सासरे, ओट्यावर थोरले दीर, आणि या दोघांच्या नजरेच्या टप्प्यात घरातला सगळाच वावर. त्यामुळे भाभी म्हणजे हनुवटीपर्यंत ओढलेला घुंगट, खाली काम करणारे हात आणि बांगड्यांचा आवाज. यात मला नवल वाटायचं नाही, मी परका होतो. नवल हे की नवऱ्याची गतही फार वेगळी नव्हती. वडीलधाऱ्यांसमोर बायकोशी बोलणं हा निर्लज्जपणा समजला जाई, आणि वडीलधारे घरात कायमच असत. खोलीत जायचं ते दिवा मालवल्यावर. सासरे गेले आणि भाभींचा घुंगट कपाळावर चढला, तोवर त्यांना चष्मा लागला होता आणि थोरल्या मुलाच्या लग्नाच्या गोष्टी चालल्या होत्या.

पुण्यस्मरणानंतर काही दिवसांनी भाऊ एसटीने धुळ्याला आले. देवपुरात माझ्या घरापर्यंत रिक्षा केली आणि मांडीवर चादरीत गुंडाळलेली एक तसबीर धरून आले. पाणीही न पिता त्यांनी ती टेबलावर उलगडली. गिरणीच्या उद्‌घाटनाचा फोटो होता. मधोमध हारांनी गळ्यापर्यंत भरलेले कोणीतरी साहेब, त्यांच्या शेजारी पगडी घातलेले भाऊंचे वडील, मग मानाप्रमाणे उतरत गेलेली माणसं. सगळ्यांत मागे, उंच ओट्यावर, बायका. तीन घुंगट, आणि एका टोकाला एक उघडा हसरा चेहरा.

"ही," भाऊ म्हणाले. "म्हातारपणीचे फोटो मुलांच्या मोबाईलमध्ये पोत्याने पडलेत. ते मला नकोत. ती वीस वर्षांची असताना मी तिला उजेडात कधी पाहिलंच नाही, मास्तर. यातली ती मला नीट पाहायची आहे. जशी असेल तशी. सुधारलेली नको."

फोटो काढायच्या ऐन क्षणी तिने घुंगट वर केला असणार, असं ते धरून चालले होते. तिने आयुष्यात केलेला तो एकच बेशिस्तपणा, आणि त्याचा त्यांना मनातून फार अभिमान होता. ही गोष्ट त्यांनी कोणाला सांगितली नव्हती. मुलांना मात्र चेहरा त्यांनीच दाखवला होता.

मी प्रामाणिकपणे सांगितलं की हे काम बाजारातला स्कॅनर माझ्यापेक्षा बरं करील. पण अडचण होती. कधीतरी ओल लागून फोटो तसबिरीच्या काचेला चिकटला होता. सोडवायला जावं तर चेहरे काचेवर राहतील आणि कागद हातात येईल. काचेसकट स्कॅन केला तर धूसर, मोबाईलने काढला तर काचेवर खिडकी उमटलेली. मग कॉम्प्युटरने उरलेलं भरलं, यात त्या बिचाऱ्याची तरी काय चूक.

माझ्याकडे एक मोठा लाकडी कॅमेरा आहे. निवृत्तीनंतर माणसं देवदेव करतात किंवा आत्मचरित्र लिहितात. मी जळगावच्या एका बंद पडलेल्या स्टुडिओतून हा घेतला. मागे तळहाताएवढी दुधी काच, पुढे लेन्स, आणि दोघांच्या मध्ये लोहाराच्या भात्यासारखी घड्यांची कातडी नळी. तिला मी भाताच म्हणतो. काचेवर चित्र पाहून घ्यायचं, मग काचेच्या जागी फिल्मचा एक पत्रा सरकवायचा, की एक फोटो. दुसऱ्यासाठी सगळं पुन्हा. माझी बायको याला पेटी म्हणते आणि पाहुण्यांना सांगते की अजून सूर लागलेला नाही.

फोटोतला तो चेहरा मसुरीच्या डाळीएवढा होता. प्रश्न एवढाच की डाळ फिल्मवर केवढी उतरवता येईल. दूरचा डोंगर टिपायचा तर लेन्स फिल्मपासून तिच्या नाभीय अंतरावर असली की पुरते. वस्तू जसजशी जवळ घ्यावी तसतशी लेन्स फिल्मपासून लांब न्यावी लागते, म्हणजे भाता ताणावा लागतो. किती, त्याचा नियम सोपा आहे. प्रतिमा मूळ वस्तूच्या जितकी पट हवी त्या आकड्यात एक मिळवायचा आणि त्याने नाभीय अंतराला गुणायचं. माझी लेन्स सहा इंची, म्हणजे तिचं ते अंतर सहा इंच. वस्तूएवढीच प्रतिमा हवी तर बारा इंच भाता. दुप्पट हवी तर अठरा. आणि माझा भाता शेवटची घडी उलगडेपर्यंत ओढला तरी साडेबारा.

म्हणजे डाळीची डाळच राहणार होती. भाऊंना मी हे कागदावर मांडून दाखवलं. व्यापारी माणूस, आकडा त्यांना लगेच पटला आणि लगेच आवडेनासा झाला.

"मग भाता लांब कर."

"तो नाही होत, भाऊ. लेन्स आखूड शोधावी लागेल."

चार इंची लेन्स असेल तर दुप्पट प्रतिमेला बाराच इंच लागतात. अशी लेन्स फोटो मोठे करायच्या यंत्राला असते. मी जळगावला जाऊन आलो. त्या स्टुडिओच्या जागी आता मालकाचा मुलगा मोबाईलची कव्हरं विकतो. वडिलांचं यंत्र त्याने भंगारात दिलं होतं, पण लेन्स काढून ठेवली होती, कारण ती हातात घेतल्यावर टाकवेना. मी पुढे केलेले पैसे त्याने घेतले नाहीत. चहा पाजला आणि विचारलं, याचं आता काय होतं?

देवपुरातल्या सुताराकडून प्लायवुडच्या फळीला भोक पाडून घेतलं आणि लेन्स उलटी बसवली. एवढ्या जवळून टिपायचं तर ती उलटीच नीट काम करते. प्रकाशाचा हिशोबही बदलत होता. भाता नेहमीच्या तिप्पट ताणला की फिल्मवर पडणारा उजेड नऊपट कमी होतो, म्हणून फिल्म नऊपट वेळ उघडी ठेवायची. हा वर्गाचा नियम मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिला. याचा उपयोग काय, असं एकाही विद्यार्थ्याने विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर मीही गडबडलो असतो.

ठरल्या दिवशी भाऊ सकाळच्या गाडीने आले. उत्तरेच्या खिडकीजवळ टेबल ओढून, उजेड बाजूने येईल आणि काचेत खिडकी उमटणार नाही अशी मी तसबीर उभी केली आणि तिच्या पाठीला गौरवग्रंथांचा टेकू दिला. हे ग्रंथ वाचायला मिळतात म्हणून कोणी ठेवत नाही, पण कणा सरळ आणि वजन भरपूर. या कामाला त्यांच्यासारखं दुसरं काही नाही. तसबीर मात्र उलटी ठेवली, डोकी खाली. दुधी काचेवर चित्र उलटं पडतं, तेव्हा मूळच उलटं केलं की भाऊंना सुलट दिसेल. बायको चहा विचारायला आली, तिने साहेबांसकट सगळ्यांची डोकी खाली पाहिली आणि म्हणाली, उद्‌घाटनाला आलेल्यांना शिक्षा झालेली प्रथमच बघते आहे.

अशा वेळी नेहमीच्या सवयीने पुढची चाकी फिरवून लेन्स पुढे-मागे करू नये. तसं केलं की प्रतिमेचा आकार आणि स्पष्टपणा दोन्ही एकाच वेळी पळतात आणि हाती काही लागत नाही. आधी भाता पट्टीने मोजून बारा इंचांवर घट्ट करायचा, आणि मग वस्तूच हळूहळू लेन्सकडे सरकवायची. भाऊंना ही गोष्ट फार पटली. म्हणाले, म्हणजे काटा हलवायचा नाही, माल हलवायचा. तसबीर तेच सरकवू लागले, केसभर पुढे, केसभर मागे, आणि मी काळ्या कापडाखालून सांगत राहिलो. लेन्सपासून साधारण सहा इंचांवर ती आली तेव्हा काचेवरचा धुरकट डाग एकदम घट्ट झाला आणि चेहरा झाला.

मुलगी हसत होती. अगदी खरं, तोंड उघडं टाकून. पुढचा एक दात किंचित दुसऱ्यावर चढलेला, डाव्या भुवईत जखमेची जुनी खाच. फ्लेक्सवर यातलं काही नव्हतं. मला वाटलं, जमलं. मी बाहेर आलो, भाऊंच्या हातात भिंग दिलं आणि त्यांच्या डोक्यावर कापड सोडलं.

ते बराच वेळ आत राहिले. रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला, तसबिरीची काच थरथरली, शांत झाली. कापडाखाली हालचाल नव्हती. माणसाने इतकी वर्षं थांबून जे मागितलं ते समोर असताना घाई करू नये, म्हणून मी खिडकीबाहेर पाहत राहिलो. मग ते बाहेर आले. केस विस्कटलेले. भिंग टेबलावर न ठेवता हातातच धरलेलं.

"हाई ती नही शे," ते म्हणाले. "हाई मनी बहीन शे."

भुवईतली खाच झोपाळ्यावरून पडल्याची होती. झोका यांनीच दिला होता.

मग ते बोलू लागले, आणि बहिणीबद्दल नाही, नियमाबद्दल. घुंगट सुनेने घ्यायचा. घरच्या लेकीने बापासमोर तोंड झाकायचं नसतं. उघडा चेहरा घरच्या लेकीचाच असणार, हे त्या घरातलं शेंबडं पोरही सांगेल. वडील पुढे खुर्चीत बसलेले असताना त्यांच्या सुनेने तोंड उघडं ठेवून हसावं, हे कसं शक्य होतं? हा फोटो त्यांच्या बैठकीच्या खोलीत आयुष्यभर भिंतीवर होता. रोज वर पाहिलं, रोज तीच समजलो, म्हणाले. नियम पाठ होता, पण तो इथे लावायचा असतो हे सुचलं नाही.

बायकोने चहा आणून ठेवला. त्यावर साय धरली.

बहिणीचं त्याच वर्षी लग्न झालं होतं, लांब राजस्थानात. पहिल्या बाळंतपणात ती गेली. आईला सोसवत नाही म्हणून घरात तिचं नाव घ्यायचं थांबलं, आणि आई गेल्यावर नाव घेणारं कोणी उरलं नाही. तिचा दुसरा फोटो नाही. म्हणजे तिच्याकडे रोज पाहत होतो, भाऊ म्हणाले, आणि तिची एकदाही आठवण काढली नाही. मग त्यांच्या लक्षात आलं की चौकातल्या फ्लेक्सवर गावाने फुलं वाहिली तीही तिच्यावरच. दातांची दुरुस्ती करून. ते हसायला गेले आणि ते हसणं मध्येच बिघडलं.

थोड्या वेळाने मी विचारलं, आज राहू द्यायचं का? ते म्हणाले, नाही, हिचा काढ. मी फिल्म सरकवली. त्या लेन्सला झडप नाही. तोंडावर टोपण असतं, ते काढायचं, मनात आकडे मोजायचे, परत लावायचं. टोपण काढलेलं असताना भाऊ श्वास रोखून उभे होते.

"आता शेजारची," ते म्हणाले.

शेजारी घुंगट होता. तिघींपैकी भाभी कोणती हे कसं कळणार, असा प्रश्न मला पडला. त्यांना पडला नव्हता. तसबीर त्यांनीच बाजूला सरकवली, स्पष्ट होईपर्यंत थांबले, कापडाखाली जाऊन आले आणि नुसती मान हलवली. मीही पाहिलं. ओढणीचा सपाट करडा पडदा, आणि तिची कड धरलेली दोन बोटं. घुंगटातून पाहायचं तर अशी कड धरून डोळ्यापुढे एक फट करायची असते. तर्जनी पहिल्या पेरात जराशी वाकडी होती.

"माहेरी उखळात सापडलं होतं," भाऊ म्हणाले. "तोंड नाही पाहिलं, पण बोटं पाहिलीत ना. रोज ताट वाढायची."

दुसरा पत्रा मी त्या बोटांवर खर्च केला. टोपण लावल्यावर त्यांनी विचारलं, अजून जवळ जाता येईल का. त्यांना ती फट हवी होती. मी भाता ओढून दाखवला. शेवटची घडी सपाट झाली, पुढे लाकूड संपलं. तीन इंची लेन्स आणली तर अजून जवळ जाता येईल हेही सांगितलं, कारण ते खरं आहे. पण जाऊन काही दिसणार नाही, हेही खरं होतं. फोटोतच तेवढं होतं. त्यापुढे नुसते कागदाचे दाणे.

फिल्म धुऊन, त्याच कॅमेऱ्यामागे दिवा लावून फोटो मोठे करून मी अमळनेरला घेऊन गेलो. दुकानात भाऊ एकटेच गादीवर होते. वर भिंतीवर फ्लेक्सवालीच हसत होती, आता सोनेरी चौकटीत, समोर विजेवरचा दिवा. मुलांना सांगितलं का, असं मी विचारलं. म्हणाले, काय सांगू? थोरला रोज सकाळी हिला हात जोडून गल्ल्यावर बसतो. त्याला आता मी काय सांगू की ही तुझी आत्या शे, आणि तीही पुरी नही?

बहिणीचा फोटो त्यांनी पाहिला आणि घडी केलेल्या धोतराखाली ट्रंकेत ठेवायचा म्हणून बाजूला काढला. दुसरा मांडीवर घेतला. चष्म्यावर भिंग धरून बोटांमधल्या फटीत ते फार वेळ पाहत राहिले. तिथे काळं होतं. मी तो भाग अंधाऱ्या खोलीत शक्य तेवढा उजळून पाहिला होता, आणि काळं फक्त करडं झालं होतं.

"इथे डोळा असेल ना, मास्तर?"

हो म्हणायला काय जात होतं? फ्लेक्सवाल्याने तर पापण्यांसकट काढून दिला असता.

"असणार, भाऊ. पण फोटोत उतरलेला नाही."

त्यांनी मान डोलावली. मग सांगितलं की फोटो काढला तेव्हा ते स्वतः त्यात नव्हते. वडिलांनी त्यांना फोटोग्राफरच्या बाजूला उभं केलं होतं, हारांचं तबक घेऊन. ती समोर ओट्यावर होती, भर दुपारचं ऊन होतं, आणि ती कड धरून बघत होती म्हणजे त्यांच्याकडेच बघत असणार, दुसरं तिथे तिचं कोण होतं.

"आणि तुम्ही?"

"मी साहेबांकडे बघत होतो," ते म्हणाले. "त्यांचा हार वाकडा झाला होता."

एक बाई तुरीच्या डाळीचा भाव विचारत पायरी चढली. त्यांनी फोटो पालथा करून गादीखाली सरकवला आणि तिला भाव सांगितला.